दुसऱ्यानं वाचावी अशी ओळ

वेबमिन हे सर्व्हर सांभाळायचं साधन १९९७ पासून चालत आलेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेमी कॅमेरॉन यांनी ते पर्ल भाषेत लिहायला घेतलं आणि आजही त्याचा गाभा पर्लमध्येच आहे. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकून पुढे पोर्ट १०००० लिहिलं की लॉगिनचं पान येतं. आत गेलं की युजर, क्रॉन, डीएनएस, मेल, फायरवॉल, अपाची अशी सगळी खाती फॉर्मच्या रूपात समोर येतात. टर्मिनलवर हात न बसलेल्या माणसालाही एखादी वेबसाइट उभी करता येते, आणि ज्याचा हात बसलेला आहे त्याचाही वेळ वाचतो. वापरणारे असे पुष्कळ आहेत. वापरता वापरता एखादं बटण चुकीचं काम करतं हे लक्षात आल्यावर त्यामागची पर्लची फाइल उघडून पाहणारे मात्र फार थोडे. हे पुस्तक त्या थोड्यांसाठी आहे, आणि त्यांची संख्या वाढावी या इच्छेनं लिहिलेलं आहे.

पॅच पाठवणं हे तांत्रिक काम आहे असं आपण धरून चालतो. कोड लिहिता आला, गिट वापरता आलं की झालं, अशी समजूत असते. मला वर्षानुवर्षं पॅच लिहिताना आणि त्याहून जास्त दुसऱ्यांचे पॅच वाचताना जे दिसलं ते वेगळं आहे. चांगला पॅच हा दुसऱ्या माणसानं वाचावा म्हणून लिहिलेला असतो. तो लहान का असावा, त्यासोबत कारण का लिहावं, चाचणी का जोडावी, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या वाचणाऱ्याकडे पाहिलं की आपोआप मिळतात. या प्रस्तावनेत मला एवढंच मांडायचं आहे. पण ते नीट मांडायचं तर थोडं मागे जावं लागेल.

दोन फाइलींमधला फरक ओळीओळीनं दाखवणारा डिफ हा प्रोग्राम डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबमध्ये लिहिला. जुनी ओळ गेली, ही नवी आली, एवढंच तो सांगतो. पुढे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी पॅच नावाचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. डिफनं दाखवलेला फरक घ्यायचा आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रावरच्या फाइलीला लावायचा, हे त्याचं काम. मधल्या काळात त्या फाइलीत थोडेफार बदल झाले असले, ओळी खालीवर सरकल्या असल्या, तरी आजूबाजूच्या ओळी पाहून तो योग्य जागा शोधून काढतो. त्या काळात नेटवर्क मंद होतं आणि अख्खा प्रोग्राम पुन्हा पाठवणं परवडत नसे. चार ओळींचा फरक पाठवला की जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस आपली प्रत सुधारू शकत होता. याच लॅरी वॉल यांनी दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, पर्ल भाषा आणली. म्हणजे वेबमिनला पॅच पाठवणारा माणूस एकाच व्यक्तीच्या दोन देणग्या एकदम हाताळत असतो, हे मला नेहमी विलक्षण वाटत आलं आहे.

डिफ कधीच न पाहिलेल्या वाचकाला मी फेरफाराचं उदाहरण देतो. सातबाऱ्यावरचं नाव कुणी परस्पर खोडून बदलत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते. काय होतं, काय होणार, कोणत्या कागदाच्या आधारे, हे तिथे लिहिलं जातं. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते. नोंद धरणारा तलाठी असला तरी ती प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी असतो. पॅचमध्येही वजा चिन्हाच्या ओळी म्हणजे जे होतं ते, अधिक चिन्हाच्या ओळी म्हणजे जे होणार ते, वर लिहिलेला मजकूर म्हणजे आधार, आणि मंजूर करणारा माणूस वेगळा.

वेब सर्व्हरच्या जगात तर ही पद्धत पायातच आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी लिहिलेला एचटीटीपीडी हा सर्व्हर वेबच्या सुरुवातीच्या काळात सगळीकडे चालत होता. १९९४ च्या मध्याला ते तिथून बाहेर पडले आणि काम थांबलं. पण ज्यांच्या साइट त्यावर चालत होत्या त्यांना थांबून चालणार नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या अडचणीपुरती दुरुस्ती करत होता आणि एकमेकांना ई-मेलनं पाठवत होता. ब्रायन बेहलेनडॉर्फ आणि क्लिफ स्कोलनिक यांनी ही देवाणघेवाण एका जागी आणायचं मनावर घेतलं. फेब्रुवारी १९९५ च्या अखेरीस आठ जणांचा मूळ गट तयार झाला. त्यांनी एनसीएसएची १.३ ही आवृत्ती पायाला धरली, आजवर जमलेले पॅच एकेक करून त्यात घातले, आणि एप्रिलमध्ये अपाचीची पहिली जाहीर आवृत्ती आली. १ डिसेंबर १९९५ ला १.० निघाली आणि वर्षभराच्या आत अपाची जगातला सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. ही माणसं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या नोकऱ्यांत होती. निर्णय कसा घ्यायचा, तर ई-मेलवर अधिक एक किंवा वजा एक असं मत द्यायचं, आणि वजा एक द्यायचा तर कारण सांगायचं. अपाचीत आजही कोणतीही आवृत्ती बाहेर पडण्याआधी किमान तीन जणांचं अधिक एक लागतं. तिघांनी पाहिलं आहे, ही त्यामागची खात्री.

आता वेबमिनकडे. ज्यांना त्याचा कोड उघडायचा आहे त्यांनी त्याची एक गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सर्व्हर सांभाळणारी अनेक साधनं सेटिंग स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि त्यातून कॉन्फिग फाइल नव्यानं लिहून काढतात. तुम्ही हातानं केलेला बदल मग पुढच्या वेळी पुसला जातो. वेबमिन तसं करत नाही. अपाचीची खरी कॉन्फिग फाइलच ते वाचतं. कोणता निर्देश कोणत्या फाइलीत कितव्या ओळीवर आहे, कोणता व्हर्च्युअल होस्ट कोणत्या ओळीला सुरू होऊन कुठे संपतो, हे मनात धरतं. फॉर्ममध्ये तुम्ही डॉक्युमेंट रूट बदललं की तेवढीच ओळ बदलतं. तुमच्या आधीच्या ॲडमिननं आठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली 'इथे हात लावू नका' ही टीप जागच्या जागी राहते. वेबमिनला न कळणारा एखादा निर्देश असला तर तोही तसाच राहतो. दुसऱ्याच्या फाइलीला गरजेपुरताच हात लावायचा, ही या साधनाची शिस्त आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. पॅच लिहिणाऱ्यानंही नेमकं हेच पाळायचं असतं.

पण या शिस्तीची किंमत आहे. फाइल जशी असेल तशी वाचायची म्हटल्यावर ती किती प्रकारे असू शकते याचा हिशेब ठेवावा लागतो. डेबियन आणि उबंटूमध्ये प्रत्येक साइटची फाइल उपलब्ध साइटींच्या डिरेक्टरीत असते आणि चालू साइटींच्या डिरेक्टरीत तिची फक्त लिंक असते. रेडहॅटच्या घराण्यात मांडणी निराळी. अपाची २.४ आली २०१२ मध्ये, आणि तिच्यात कुणाला प्रवेश द्यायचा, कुणाला नाही, हे लिहायची जुनी पद्धत बदलली. जुन्या पद्धतीचे सर्व्हर त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिले, आणि वेबमिनला दोन्ही समजून घ्यावं लागलं. शिवाय ते फ्रीबीएसडीवर आणि सोलॅरिसवरही चालतं. मूळ लेखकाकडे या सगळ्यांची प्रत्येक आवृत्ती टेबलावर असणं शक्यच नाही. म्हणून तर बाहेरच्या माणसाची गरज आहे. एखाद्या सहकारी पतसंस्थेचा किंवा तालुक्याच्या कॉलेजचा सर्व्हर ज्यानं पाच वर्षं एकट्यानं चालवला आहे, त्याला त्या विशिष्ट आवृत्तीच्या विशिष्ट खोडी पाठ असतात. ती माहिती दुसऱ्या कुणाकडेही नसते.

दुसरी गोष्ट धास्तीची. वेबमिन रूटच्या अधिकारानं चालतं. ते अपरिहार्य आहे, कारण त्याला युजर बनवायचे असतात, सर्व्हिस थांबवायच्या असतात, सिस्टिमच्या फाइली लिहायच्या असतात. पण म्हणून त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ रूट म्हणून चालते. समजा एका फॉर्ममध्ये डोमेनचं नाव भरायचं आहे. ब्राउझरकडून आलेलं ते नाव पर्लच्या एका व्हेरिएबलमध्ये येतं आणि पुढच्या ओळीत एका शेल कमांडला जोडलं जातं. नाव साधं असेल तर काहीच बिघडत नाही, चाचणी पास होते. पण कुणी नावाच्या जागी एक अर्धविराम आणि त्यापुढे दुसरी कमांड लिहिली तर तीही चालते, आणि रूट म्हणून चालते. दुरुस्ती किती? ते व्हेरिएबल कमांडला जोडण्याआधी कोटमेटा या पर्लच्या फंक्शनमधून काढायचं, म्हणजे त्यातली खास चिन्हं निष्प्रभ होतात. एक ओळ वजा, एक ओळ अधिक. पण ती ओळ कुठे लागते हे कळायला फॉर्म कुठून सुरू होतो, किंमत कोणकोणत्या फंक्शनमधून जाते आणि कुठे पोचते हा सगळा रस्ता चालावा लागतो. माझ्या मते नवशिक्यानं पहिला महिना फक्त हेच करावं. एक फॉर्म निवडावा आणि त्यातली एक किंमत कुठपर्यंत जाते ते शेवटपर्यंत शोधावं. एक पथ्य मात्र कडक आहे. असा सुरक्षेचा दोष सापडला तर पॅच उघड्यावर टाकायचा नाही. आधी प्रकल्पाला खासगीत कळवायचं आणि दुरुस्त आवृत्ती बाहेर पडेपर्यंत थांबायचं. तोवर जगभरचे सर्व्हर त्या दोषासकट चालू असतात.

मेंटेनर, म्हणजे पॅच मंजूर करणारा माणूस, काय पाहतो? तो बहुधा दिवसाची नोकरी करून रात्री वाचत असतो. त्याला पहिल्या दोन मिनिटांत कळायला हवं की काय बिघडलं होतं, ते कसं दिसतं आणि या ओळींनी ते का सुटतं. 'बग फिक्स केला' एवढंच लिहिलेला संदेश त्याला काहीच सांगत नाही. 'डेबियन १२ वर, साइटची फाइल लिंक असताना, व्हर्च्युअल होस्ट हटवला की लिंक मागे उरते' हे वाक्य सगळं सांगतं. मग तो बारकावे पाहतो. फाइल लिहिण्याआधी लॉक केली का? पडद्यावरचा मजकूर थेट कोडमध्ये न लिहिता भाषेच्या फाइलीत टाकला का, म्हणजे इतर भाषांत तो नेता येईल? नवं पान जोडलं असेल तर ते उघडणाऱ्या युजरला त्या मॉड्यूलचे अधिकार आहेत का, हे तपासलं का? केलेल्या कृतीची नोंद लॉगमध्ये जाते का? वेबमिनची ही नोंदवही पाहण्यासारखी असते. योग्य सेटिंग चालू केलं तर ॲडमिननं बटण दाबल्यावर कोणत्या फाइलीतल्या कोणत्या ओळी बदलल्या तो फरकच ती साठवून ठेवते. कुणी काय बदललं हे दुसऱ्याला वाचता यावं, हा विचार साधनाच्या आतही पोचलेला आहे.

आणि जुना कोड सजवण्याच्या मोहात पडू नये. वेबमिनमध्ये पंचवीस वर्षांपूर्वीच्या पद्धतीनं लिहिलेलं पर्ल भरपूर आहे. फंक्शनच्या नावाआधी अँड चिन्ह, टॅबनं सोडलेली जागा, आजच्या डोळ्यांना अनोळखी वळण. तुमची दुरुस्ती तीन ओळींची आहे आणि सोबत तुम्ही तीनशे ओळींची जागा सारखी करून पाठवली, तर वाचणाऱ्याला त्या तीन ओळी सापडणारच नाहीत. ज्या फाइलीत शिरलो तिच्या वळणानं लिहावं.

वाचणारा डोळा मधून निघून गेला तर काय होतं, हे वेबमिनच्याच इतिहासात नोंदलेलं आहे आणि प्रकल्पानं ते स्वतःहून सविस्तर जाहीर केलेलं आहे. एप्रिल २०१८ मध्ये कुणीतरी वेबमिनच्या बिल्ड सर्व्हरमध्ये शिरलं. कोडच्या भांडारातून आवृत्ती बांधून तयार होते ते हे यंत्र. तिथे पासवर्ड बदलायच्या स्क्रिप्टमध्ये घुसखोरानं एक छोटा तुकडा घातला. बाहेरून पाठवलेला मजकूर कमांड म्हणून चालवणारा. फाइलीची वेळ त्यानं मागे नेऊन ठेवली, म्हणून गिटच्या तुलनेत ती बदललेली दिसली नाही. १.८९० ही आवृत्ती तो तुकडा घेऊन बाहेर पडली. मधे ती फाइल गिटहबवरच्या प्रतीप्रमाणे पूर्ववत झाली, पण जुलैमध्ये घुसखोरानं ती पुन्हा बदलली. सप्टेंबरमध्ये ते यंत्र बंद करून नवं उभारलं गेलं, तर बॅकअपमधून बिल्डची डिरेक्टरी तशीच नव्या यंत्रावर आली. १.९२० पर्यंतच्या आवृत्त्या अशाच गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा एका दिवसात १.९३० काढली गेली. गिटहबवर ज्याला कुणालाही वाचता येत होता तो कोड पूर्ण वेळ स्वच्छ होता. दोष होता तो ज्याचं डिफ कुणासमोर कधी आलंच नाही अशा बदलात. त्यानंतर प्रकल्पानं बिल्ड फक्त भांडारात नोंदलेल्या कोडवरूनच करायची पद्धत घातली, पासवर्ड आणि किल्ल्या बदलल्या, आणि मागच्या वर्षभरातल्या नोंदी तपासून काढल्या.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण याच जातीचं, पण जास्त खोल. तिथे घुसखोरानं यंत्र फोडलं नाही. जिया तान या नावानं कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगले, उपयोगी पॅच पाठवले, विश्वास कमावला आणि मेंटेनरची जागा मिळवली. विषारी माल चाचणीच्या बायनरी फाइलींत दडवला, आणि तो उघडणारी ओळ फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये ठेवली. भांडारात ती नव्हतीच. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकलं, त्यांनी त्याचा माग काढला, आणि जगभरचे सर्व्हर वाचले. हे सांगून कुणाला घाबरवायचं नाही. पण अनोळखी माणसाच्या पॅचकडे मेंटेनर संशयानं पाहतो तेव्हा वाईट वाटून घेऊ नये. त्याच्यासमोर ही उदाहरणं आहेत. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला शांतपणे, पुराव्यासह उत्तर द्यावं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. डिजिटलओशन या कंपनीचा हॅक्टोबरफेस्ट उपक्रम २०१४ पासून चालू आहे. ऑक्टोबरात ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये प्रकल्पांवर निरर्थक रिक्वेस्टचा पूर आला. नावापुढे एखादं विशेषण जोडायचं, एक स्वल्पविराम हलवायचा. त्यातला मोठा वाटा भारतातून आला, आणि काही दिवसांतच नियम बदलून प्रकल्पांनी स्वतः होकार दिला असेल तरच भाग घेता येईल असं ठरलं. त्या मुलांचा उत्साह खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पलीकडे कुणीतरी प्रत्येक रिक्वेस्ट उघडून वाचणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आता यंत्राकडून कोड लिहून घेता येतो, त्यामुळे पॅच तयार करणं आणखी सोपं झालं आहे आणि वाचणाऱ्याचे तास मात्र तेवढेच आहेत. कोड कुणीही लिहिलेला असो, त्यातल्या प्रत्येक ओळीबद्दल विचारलं तर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. येत नसेल तर पाठवू नये.

नोकरीत असणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची सूचना. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. ऑफिसच्या सर्व्हरवर ऑफिसच्या वेळेत केलेली दुरुस्ती पाठवायची तर आधी लेखी परवानगी घ्यावी. मी अनेकांना ही परवानगी मागायला लावली आहे. कारण नीट समजावलं की बहुतेक ठिकाणी ती मिळते, कारण दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेली की दर आवृत्तीला ती हातानं पुन्हा लावायचं काम कंपनीचंही वाचतं.

मराठीत काम करणाऱ्यांना काही दोष आधी दिसतात. फाइलीचं नाव देवनागरीत असतं, युजरच्या खऱ्या नावात जोडाक्षरं असतात, आणि आपली प्रमाणवेळ साडेपाच तासांच्या फरकाची असल्यामुळे पूर्ण तासांवर विसंबलेला हिशेब आपल्याकडे लगेच उघडा पडतो. असे दोष आपण 'चालायचंच' म्हणून सोडून देतो. ते कळवायला हवेत, आणि शक्य असेल तर दुरुस्तीसह.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एवढी तयारी करावी. चालू सर्व्हरला हात न लावता एक व्हर्च्युअल मशीन उभं करावं, त्यात डेबियन किंवा रॉकी लिनक्स टाकावं आणि त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवावा. गिटहबवरून वेबमिनची पूर्ण प्रत क्लोन करून घ्यावी. एका टर्मिनलमध्ये मिनीसर्व्हची, म्हणजे वेबमिनच्या स्वतःच्या वेब सर्व्हरची, एरर फाइल चालू ठेवावी. ती व्हारखालच्या वेबमिन डिरेक्टरीत सापडते, आणि पर्ल जे काही कुरकुरतं ते तिथे उतरतं. मग अपाची मॉड्यूलची डिरेक्टरी उघडून मॉड्यूलची माहिती, इंग्रजीची भाषा फाइल आणि लायब्ररीची फाइल या क्रमानं वाचायला बसावं. लायब्ररीत निर्देश जतन करणारं फंक्शन आहे. पहिल्या प्रकरणाची सुरुवात त्याच फंक्शनपासून होते.